प्रतिसाद: साउदॅम्प्टन 'नशिबाने' हरलं का?

राजेहो, वर कुणीतरी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या साउदॅम्प्टन या फुटबॉल क्लबच्या 2024-25 च्या हंगामाला 'फुटकं नशीब' म्हटलंय. 38 सामन्यांत 2 विजय, 30 पराभव, 86 गोल खाल्ले, 12 गुण. सात सामने बाकी असतानाच खालच्या विभागात घसरण पक्की. एवढं फुटकं नशीब कुणाचंच नसतं.

गोची गोलकिकपासून, म्हणजे गोलरेषेबाहेर गेलेला चेंडू कीपर परत खेळात आणतो तिथपासून होती. ती किक लांब न मारता ते जवळच पास द्यायचे. 2019 पासून गोलकिकचा चेंडू सहकाऱ्याला आपल्या पेनल्टी क्षेत्रातच घेता येतो, म्हणून दोन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) गोलकीपरच्या शेजारी उभे राहतात. चेंडू एकाकडे गेला की समोरचा स्ट्रायकर सरळ न धावता कमानीत धावतो आणि कीपरकडे परत जायची वाट बंद करतो. एका बाजूला साइडलाइन. उरला मधला मिडफिल्डर, तो आपल्याच गोलकडे तोंड करून चेंडू घेणार, आणि पाठीवर माणूस आधीच चिकटलेला. तिथे चेंडू गेला की गोल वीसेक मीटरवर. खालच्या विभागात असा दबाव क्वचितच कुणाला जमतो, म्हणून तिथे हाच खेळ देखणा वाटला होता.

डिसेंबरात टॉटनहॅमकडून 0-5 हरल्यावर मॅनेजर रसेल मार्टिन यांना काढलं. माझ्या मते तोवर उशीर झाला होता. ऑक्टोबरातच दर तिसरी किक लांब मारायला हवी होती.

आपल्या नागपुरात मे महिन्यातल्या टणक मैदानावर चेंडू असा उसळतो, की हा प्रयोग करायची हिंमतच होत नाही बावा.