आवडता लेखक कोण, आणि तो अजून आवडतो का?

दुमडलेलं पान
आवडत्या लेखकाचं नाव सगळ्यांना चटकन सुचतं. 'का' विचारलं की 'ओघवती भाषा'पुढे गाडी सरकत नाही. म्हणून एक अट: गेल्या पाच वर्षांत पुन्हा वाचलेलाच लेखक सांगायचा. कॉलेजात आवडला होता, तो मोजायचा नाही.

माझ्यापुरते जी. ए. कुलकर्णी. 'पिंगळावेळ'मधली 'स्वामी' विशीत वाचली तेव्हा नुसता गुदमरलो. मठाखालची ती बंद खोली, तिथे अडकवलेला माणूस, बस्स. चाळिशीत वाचली तेव्हा दिसला तो त्या माणसाने जपलेला वेल. तो आधीही तिथेच होता, माझंच लक्ष नव्हतं. व. पु. काळ्यांच्या चाहत्यांनी रागावू नये, पण वपुंकडे दुसऱ्या खेपेला काही शिल्लक राहत नाही.

मधली सुट्टी
रागावू नका म्हणायचं आणि चिमटाही काढायचा! अट नामंजूर. आमच्या घरात अभ्यासाखेरीज पुस्तकच नव्हतं. व. पु. काळ्यांच्या कथाकथनाची कॅसेट ऐकली, मग त्यांची पुस्तकं हुडकली, आणि तिथून पुढे जीएंपर्यंत पोचले. आता वपु पुन्हा वाचत नाही, हे खरं. पण बाराखडी शिकवणाऱ्या बाईंना कुणी 'हल्ली तुमच्याकडे शिकत नाही, सबब तुम्ही नावडत्या' असं सांगतं का?

कुंपणावरचा सरडा
बाईंचे उपकार वेगळे, आवड वेगळी. वपुंचं मला खटकतं ते असं: कथा मजेत चाललेली असते, पात्रं छान बोलत असतात, आणि मध्येच एखादं पात्र सुविचार म्हणायला उभं राहतं. लोक तेवढं वाक्य कापून शुभेच्छांना चिकटवतात. वपुंच्या नावावर फिरणारं सगळं त्यांचं नसतंही. पण नाव नेमकं त्यांचंच का चिकटतं, बघा बुवा.

मधली सुट्टी
पटलं नाही. हसले मात्र.

खडकमाती
जीए मोठेच, पण त्यांची माणसं पहिल्या पानावरच हरलेली असतात. निकाल नियतीने आधीच लावलेला, आपण फक्त पंचनामा वाचायचा. माझे लेखक व्यंकटेश माडगूळकर. 'बनगरवाडी'त (१९५५) शेकूकडे दुसरा बैल नसतो, म्हणून त्याची बायको बैलाच्या जागी उभी राहते. एवढा प्रसंग हातात आहे आणि लेखक हळहळत नाही! मास्तर बघतो, सांगतो, पुढे जातो. शेवटी दुष्काळात वाडी रिकामी होते, तेही तसंच, आवाज न चढवता. हेच जीएंच्या हातात पडतं तर आभाळ, सावल्या, काळा पक्षी, सगळे गोळा झाले असते. माडगूळकरांनी विशेषणं जपून वापरली म्हणून मला ते दर उन्हाळ्यात लागतात.

दुमडलेलं पान
पंचनामा हा शब्द लागला हो. पण वेल विसरलात तुम्ही. हरून बसलेला माणूस वेल कशाला जपेल? बैलाचा प्रसंग मात्र कबूल, तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

वळणाचं पाणी
मघापासून कथा, कथा! 'कोसला'कार भालचंद्र नेमाड्यांनी हा प्रकारच क्षुद्र ठरवून टाकलाय आणि मला ते मान्य आहे. माणूस मुरायला कादंबरीच हवी. 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर मला वर्षातून एकदा भेटतो. त्याच्या चकाट्यांना हसत हसत जातो, आणि त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाशी आलो की पुस्तक मिटतो. ती पानं अजून एका दमात वाचता आलेली नाहीत.

आडवाट
'कोसला' १९६३ची. त्याच वर्षी बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' आलं, आणि तो कथासंग्रहच आहे. शीर्षककथेतला माणूस जात लपवून खोली मिळवतो, आणि ती उघडकीला आल्यावर मार खातो. त्या काही पानांत माणूस मुरायचा राहिला असं वाटलं, तर कुठे ते दाखवा. इथे एवढी नावं निघाली, पण बागूल काढायला मला यावं लागलं. मला ते ना घरात भेटले, ना वर्गात. बत्तिसाव्या वर्षी एका मित्राने हातात दिले. पाच वर्षांची अट मी आयतीच पाळतोय, कारण पहिल्यांदा वाचून चारच झालीत.

वळणाचं पाणी
बागूल वाचलेले नाहीत. तेव्हा इथे गप्प बसतो.

सांजावलं
आणि अजून एकही बाई नाही! माझ्या लेखिका गौरी देशपांडे. 'एकेक पान गळावया' दर तीन-चार वर्षांनी.

कुंपणावरचा सरडा
त्यांच्या बायका सुखवस्तू, परदेशात राहणाऱ्या, इंग्रजी फाडणाऱ्या. आपला काय संबंध?

सांजावलं
तीच तर गंमत. गरिबी नाही, सासूचा जाच नाही, नवराही बहुधा बरा. दोष द्यायला समोर कुणी ठेवलेलंच नाही, तरी त्यांचं स्वतःशी जुळत नाही. मी ते चाळीस ओलांडल्यावर वाचलं आणि माझ्या सगळ्या तयार सबबी गेल्या. माझा पगार आणि त्यांचं परदेश यांचा काडीचाही मेळ नाही, तरीसुद्धा. बाकी, 'अरेबियन नाइट्स'चे सोळा खंड मराठीत आणणाऱ्या बाईला 'इंग्रजी फाडणारी' म्हणायच्या आधी तिचं मराठी वाचा.

कुंपणावरचा सरडा
मी नायिकांना म्हटलं होतं, लेखिकेला नव्हे. पण असो.

खडकमाती
@दुमडलेलं पान, तो वेल मला काही केल्या आठवेना. 'पिंगळावेळ' काढून बसलोय. उद्या भांडू.