फ्रोझन शोल्डर आणि शुगर – व्यायाम किती रेटायचा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. वय 51, मुक्काम ठाणे. गणपतीत डावा खांदा दुखायला लागला. माळ्यावरून मखर काढताना लचक भरली असेल म्हणून तेल चोळलं, शेकलं आणि तो हात जपायला लागले. पर्स उजवीकडे, लोकलची कडी उजव्या हाताने. इथेच चुकलं बहुतेक. दिवाळीपर्यंत वेणी घालायला हात मागे जाईना. पदराला पिन लावायला नवऱ्याला हाक मारावी लागते (दोनदा टोचलीये). त्या कुशीवर झोपता येत नाही, रात्री दोन-अडीचला ठणका लागून जाग येते आणि दुसऱ्या दिवशी सगळंच अंग आंबलेलं.

हाडांच्या डॉक्टरांनी हात फिरवून बघितला. एक्स-रे नॉर्मल. मग विचारलं, "शुगर कधी तपासलीत?" मला हसू आलं, खांद्याचा आणि शुगरचा काय संबंध! एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) आलं 8.1, म्हणजे मधुमेहच. मधुमेह असलेल्यांना हे फ्रोझन शोल्डरचं, म्हणजे खांदा आखडण्याचं, दुखणं जास्त होतं म्हणे, सांध्याभोवतीचं आवरण जाड आणि ताठर होतं.

आता फिजिओने भिंतीवर बोटांनी वर चढायला सांगितलंय. डोळ्यांत पाणी येतं. दुखलं तरी रेटायचं की थांबायचं? डॉक्टर स्टेरॉइडचं इंजेक्शनही सुचवतायत, पण जाऊबाई म्हणतात त्याने शुगर भडकते. कोणी घेतलंय का?

प्रतिसाद, नाशिककर काका:
ताई, माझा उजवा खांदा दीड वर्ष घेऊन बसला होता. इंजेक्शन घेतलं. शुगर वाढते हे खरं, पण माझी चार दिवसांत उतरली. तेवढे दिवस घरी ग्लुकोमीटरवर बघत राहा, आणि शुगरच्या डॉक्टरांना आधी सांगा. ठणका कमी झाला, झोप लागायला लागली, तेव्हा कुठे व्यायाम जमला. शुगर ताब्यात आली की खांदा लगेच सुटतो असं मात्र नाही हं. आणि दुसऱ्या खांद्याकडेही लक्ष ठेवा.

प्रतिसाद, फिजिओवाली:
आधी दहा मिनिटं गरम शेक. मग टेबलाला टेकून वाका, दुखरा हात सैल सोडा आणि लंबकासारखा हलवा. भिंत त्यानंतर. ताण जाणवला पाहिजे, कळ नको. व्यायामानंतर थोड्या वेळात दुखणं उतरलं तर ठीक, रात्रभर ठणकलं तर उद्या कमी करा. पण बंद करू नका, हात गळ्यात बांधून तर अजिबात ठेवू नका. जेवणानंतर थोडं चालाही, शुगरला बरं.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. आज शेकून केलं. स्वयंपाकघरातल्या टाइल्स मोजल्या: डावा हात सातवीपर्यंत, उजवा अकरावीपर्यंत. पण रात्री साडेनऊला घरी पोचणारीने जेवून चालायचं कधी, तेही सांगा!