ऐन आंब्याच्या तोंडावर विंडोज बदलू का?

देवगडात आमची कलमं आहेत. पेट्यांची बिलं, गिऱ्हाइकांचे पत्ते, सगळं २०१६ च्या लॅपटॉपवर. इंटेलचा आय-५ प्रोसेसर, सहावी पिढी, रॅम ४ जीबी, विंडोज १०. त्याचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. मुलगा म्हणतो, ११ टाक. माझा जीव त्या पत्त्यांत अडकलाय, बाबांच्या वेळची गिऱ्हाइकं आहेत ती.

उत्तर, रत्नागिरीहून:
काका, ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. तुमचा त्यात बसत नाही. आडमार्गाने टाकता येतं, पण हंगामात तो धोका नकोच. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडा, वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत निभावेल. पत्ते मात्र आजच पेनड्राइव्हवर घ्या!

उत्तर, गुहागरहून:
हार्डडिस्क असेल तर काढून एसएसडी (वेगवान डिस्क) बसवा, रॅम ८ करा. माझा तसाच जुना लॅपटॉप आता झटक्यात उघडतो. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणालीही चांगली, पण बिलाचं सॉफ्टवेअर त्यावर चालेलच असं नाही.

देवगड:
पत्ते दोन पेनड्राइव्हवर घेतले. एक सासुरवाडीला ठेवतोय. बाकी पाऊस लागल्यावर.