अमेरिकेतल्या फेडरल ऑफिसात साहेबच प्रचार करत असेल तर तक्रार कुठे?

पोटोमॅककर: समजा, एखादा फेडरल अधिकारी (अ) ड्यूटीच्या वेळात उमेदवाराच्या पोस्ट शेअर करतो, (आ) हाताखालच्यांना देणगीची लिंक पाठवतो, (इ) 'ती त्या पक्षाची' म्हणून एकीची बढती अडवतो. खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलकडे (अंतर्गत तपास अधिकाऱ्याकडे) जायचं की ऑफिस ऑफ स्पेशल काउन्सेलकडे? म्यूलर होते तेच ना हे ऑफिस?

कलमबहाद्दर: शेवटचं आधी. नाही, नावाचा घोळ आहे. रॉबर्ट म्यूलरना न्याय खात्याने २०१६च्या निवडणुकीतल्या रशियन हस्तक्षेपाच्या एका चौकशीपुरतं नेमलं होतं. ऑफिस ऑफ स्पेशल काउन्सेल, म्हणजे ओएससी, ही १९७९ पासूनची कायमस्वरूपी संस्था. तिन्ही गोष्टी तिकडेच जातात, पण कायदे दोन. अ आणि आ हा फेडरल कर्मचाऱ्यांच्या राजकीय कामांना मर्यादा घालणारा १९३९चा हॅच अॅक्ट. इ म्हणजे नोकरीतला निषिद्ध व्यवहार, राजकीय निष्ठेवरून भेदभाव. ते हॅचमध्ये कोंबू नका, दोन्ही आरोप वेगळे मांडा.

तक्रारी सहसा 'साहेब पक्षपाती आहे' एवढ्या वाक्यावर बुडतात. मनातला कल हा गुन्हाच नाही. पक्ष, पक्षीय निवडणुकीतला उमेदवार किंवा पक्षीय गट जिंकावा वा हरावा यासाठी केलेली कृती लागते. नुसत्या धोरणावरची टीका त्यात येत नाही. म्हणून स्क्रीनशॉटवर तारीख, वेळ, टाइमझोन दिसू द्या आणि त्या वेळी तो ड्यूटीवर होता हे दाखवा. घरून काम चालू असेल तरी ड्यूटी ती ड्यूटीच. देणगी मागण्याला मात्र वेळेची सूट नाही: रविवारी रात्री, स्वतःच्या फोनवरून मागितली तरी उल्लंघन.

पोटोमॅककर: आणि पार्किंगमधल्या खाजगी गाडीवरचं स्टिकर?

कलमबहाद्दर: चालतं. तेच टेबलावर लावलं तर नाही. स्वतःच्या खिशातून देणगीही देता येते, फक्त ड्यूटीवर किंवा सरकारी इमारतीत बसून नाही. आपल्याकडच्या केंद्रीय कर्मचाऱ्याला पक्षाचं सदस्यत्वसुद्धा घेता येत नाही, त्या मानाने तिकडे मोकळीक बरीच.

सह्याद्री_टू_सिएटल: ही मोकळीक सगळ्यांना नाही हं. एफबीआय, सीआयए, सीक्रेट सर्व्हिस, राजकीय नेमणुकीचे नसलेले कायम सेवेतले वरिष्ठ अधिकारी यांना सुट्टीच्या दिवशीही पक्षाच्या प्रचारमोहिमेत काम करता येत नाही. कंत्राटदार कंपनीच्या माणसांना हॅच लागूच नाही, ते आधी तपासा.

शिक्षेचंही ऐका. किरकोळ प्रकरणात इशारापत्र. गंभीर असेल तर ओएससी फेडरल नोकरीतल्या अशा प्रकरणांचा निवाडा करणाऱ्या मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्डापुढे जाते. तिथे बडतर्फी, ५ वर्षांपर्यंत फेडरल नोकरीबंदी किंवा दंड होऊ शकतो. पण बोर्डाला कोरम (किमान सदस्यसंख्या) लागतो आणि जानेवारी २०१७ ते मार्च २०२२ तो नव्हताच! फायली पडून राहिल्या. वरच्या माणसांबाबत तर ओएससी अहवाल देऊन मोकळी होते: २०१९मध्ये ट्रम्प यांच्या सल्लागार केलीअॅन कॉनवे यांना काढा अशी शिफारस केली, ट्रम्प यांनी काढलं नाही. २०२५मध्ये खुद्द ओएससीच्या प्रमुखालाच मुदतीआधी हटवलं. तेव्हा राखणदार किती स्वतंत्र, ते तुम्हीच ठरवा.

नियमावली७३४: वर नागरिकांशी होणाऱ्या भेदभावाचं राहिलं. ऑक्टोबर २०२४मध्ये फ्लोरिडात मिल्टन वादळानंतर फेमाच्या (फेडरल आपत्ती-मदत संस्थेच्या) एका पर्यवेक्षिकेने ट्रम्पचे फलक लावलेली घरं वगळा असं मदतीसाठी घरोघरी जाणाऱ्या पथकाला सांगितलं. नोव्हेंबरमध्ये तिला काढलं. तिथे पुरावा होता तो लेखी सूचनांचा. तोंडी आदेश असेल तर त्याच दिवशी शब्द, वेळ आणि ऐकणारे कोण ते लिहून ठेवा. महिन्याभराने आठवून लिहिलेल्याला तेवढं वजन राहत नाही.