प्रति: मशरूममधलं प्रोटीन

मशरूममध्ये मांसाइतकं प्रोटीन असतं, असं या चर्चेत आधी कुणीतरी म्हटलंय. असं दाखवणारे आकडे वाळवलेल्या मशरूमचे असतात. ताज्या मशरूममध्ये ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे १०० ग्रॅम ताज्या बटण मशरूममधून जेमतेम ३ ग्रॅम प्रोटीन मिळतं. वाईट नाही, पण मांसाची जागा घेईल इतकंही नाही.

ड जीवनसत्त्वाचा विषय मात्र इथे कुणी काढलाच नाही. मशरूममध्ये एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो आणि त्यावर उन्हातले अतिनील किरण पडले की त्याचं ड२ जीवनसत्त्व (ड जीवनसत्त्वाचाच एक प्रकार) तयार होतं. बटण मशरूम सहसा अंधारात वाढवतात, म्हणून पाकिटातल्यात ते नावालाच. चकत्या करून, किंवा अख्खे असतील तर खालच्या पापुद्र्यासारख्या पट्ट्यांची बाजू वर येईल असे उलटे करून, भर दुपारच्या उन्हात अर्धा-एक तास ठेवले तर प्रमाण चांगलंच वाढतं. काचेच्या खिडकीआड ठेवून उपयोग नाही, काच नेमके तेच किरण अडवते. शिजवल्यावरही यातलं बरंचसं टिकतं. आणि शिजवूनच खा, कच्च्याची फॅशन आली असली तरी. मशरूमच्या पेशीभित्तिकेतलं (पेशीच्या बाहेरच्या आवरणातलं) कायटिन हे द्रव्य पचायला जड असतं.