मदत हवी आहे: दिवाळी अंकांची मुखपृष्ठं एकमेकांना चिकटलीत

माळ्यावरची_पेटी: लवकर सांगा कोणीतरी. माळ्यावर पाणी गळलं आणि 'दीपावली'चे जुने अंक भिजले, सगळी चित्रकार दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं, आजोबांनी जपलेली. चिकटून बसलेत. वाफ दिली तर सुटतील का?

सुलभा_ठाणे: ओढू नका आधी! अजून ओले आहेत की वाळले? कागद गुळगुळीत आर्टपेपर आहे का?

कोकणी_बोका: टीपकागद घालून हलकी इस्त्री फिरवा, मी तेच करतो. मग कव्हरं लॅमिनेट करून टाका, कायमची कटकट गेली.

सुलभा_ठाणे: इस्त्री नको आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत निघत नाही हो.

कोकणी_बोका: माझी १५ वर्षं टिकलीत ताई, पुस्तकी बोलू नका.

अंकवेडा: साल कुठलं? दलालांनी १९४५ ला 'दीपावली' सुरू केला, १९७१ ला ते गेले, त्यामधले असतील तर भाव चांगला येतो, पण मुखपृष्ठ शाबूत पाहिजे.

माळ्यावरची_पेटी: विकायचे नाहीयेत!! आर्टपेपरच आहे. काल दुपारी भिजले, एक गठ्ठा अजून ओला, वरचे तीन वाळलेत. मघाशी एक जरासा ओढला तर चित्रातल्या बाईच्या पदराचा हिरवा रंग दुसऱ्या अंकाच्या पाठीला लागून आला, तेव्हापासून हातच लावला नाही.

गिरगावकर: आमच्याकडे पाटकरांचा 'आवाज' दिवाळी अंक यायचा, त्यातल्या चित्रांच्या खिडक्या (पानाचा कापलेला भाग उचलला की आतलं चित्र दिसायचं) उघडायला आम्हा भावंडांची मारामारी. कोणाकडे आहेत का जुने?

सुलभा_ठाणे: गिरगावकर, वेगळा धागा काढा ना. पेटीताई/दादा, आर्टपेपरवरचा लेप भिजला की गोंदासारखा होतो आणि वाळताना पानं धरून ठेवतो, म्हणून ओला गठ्ठा तसाच वाळू देऊ नका. प्लास्टिक पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, तेवढाच वेळ मिळतो. मग एकेक अंक बाहेर काढून, ओला असतानाच पानं अलगद सोडवायची, मध्ये बटरपेपर, पंख्याखाली वाळवायचे, उन्हात नाही. वाळलेले तीन मात्र घरी सोडवू नका, वाफेनेपण नाही, कागद जतन करणाऱ्या माणसाला दाखवा.

कोकणी_बोका: फ्रीजरचं ठाऊक नव्हतं. पण माझे अंक साध्या कागदाचे होते, त्यांना इस्त्रीने काही झालं नाही हे खरंय.

माळ्यावरची_पेटी: ताईच आहे मी. आईने फ्रीजरमधले मटार काढले, गठ्ठा आत गेला. बटरपेपर आणायला निघालेय, आतल्या रंगीत जाहिरातींच्या पानांमध्येपण घालायचा का?

सुलभा_ठाणे: हो, गुळगुळीत पान दिसलं की प्रत्येक ठिकाणी. दोन रोल आणा.