मदत हवी आहे: सिमेंट रस्त्याचा कोअर नमुना (जाडी तपासायला रस्त्यातून कापून काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा) माहिती अधिकारात कसा घ्यायचा?

अंदाजपत्रकात गावच्या रस्त्याची जाडी १५० मिमी, पण कडेला पट्टी लावली तर ११० भरते. बिल मात्र पूर्ण निघालंय. मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची सरकारी नोंदवही) आणि चाचणी अहवाल माहिती अधिकारात मागितले, ३० दिवस उलटले तरी उत्तर नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७(६) नुसार आता प्रती फुकट मिळायला हव्यात. कलम १९(१) चं पहिलं अपील टाकतोय.

कलम २ मध्ये साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचा हक्क आहे. कुणी असा कोअर कापून घेतलाय का? अर्जात शब्द नेमके काय लिहिले, खर्च कुणी भरला?

तालुक्यातली वर्तमानपत्रं सरकारी जाहिरातींवर जगतात, भूमिपूजनाचा फोटो छापतात, जाडी विचारत नाहीत. पैसा करदात्याचा आहे, हिशोब त्यालाच मागावा लागतोय.